सुभेदारांच्या भोवतीची वर्तुळं

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, एवढं राजेश्वरीला कळत होतं. तरी जानेवारीतल्या एका सकाळी, पावणेसातच्या सुमाराला, तिनं ते घेतलं. तेही रस्त्यावर उभं राहून, हुद्द्यासकट, आडनावासकट, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात. सासूबाईंच्या हातातनं दुधाची किटली निसटली. आता भल्या घरच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सुनेवर अशी वेळ का आली, ते सांगायचं तर आधी तिची ओळख करून घ्यायला हवी. एकदम सगळं सांगून टाकलं तर तुम्ही तिलाच नावं ठेवाल.

राजेश्वरी मूळची माणातली, दहिवडीच्या अंगाला. तिकडं पावसाचा भरवसा नाही, मेंढरांचा आहे. ती बारावीत असताना गावानं श्रमदान काढलं आणि टेकडीवर समतल चर खणायला घेतले. समतल चर म्हणजे टेकडीच्या अंगावरनं एकाच उंचीनं आडवा जाणारा चर. तो बोटभर जरी वरखाली झाला तरी पाणी सगळं एका कोपऱ्यात पळतं आणि मेहनत मातीत जाते. राजेश्वरीच्या हातात पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दिली होती. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं की तिथं फक्कीनं खूण करायची, मग पुढची खूण, मग त्याच्या पुढची. दीड महिना तिनं टेकडीला अशा पांढऱ्या रेघा मारल्या. माथ्यावरनं खाली बघितलं की सगळ्या रेघा एकात एक बसलेल्या दिसायच्या. चढ उभा असेल तिथं एकमेकींना चिकटलेल्या, उतार मवाळ असेल तिथं ऐसपैस.

पुढं साताऱ्याला बीएस्सी करताना बिंदूप्रभाराचा धडा आला. मधोमध एक इवलासा विद्युत प्रभार, त्याच्या भोवती पोटेन्शियल, आणि सारख्या पोटेन्शियलचे गोलच्या गोल, एकात एक. वर्गाला घाम फुटला आणि हिला हसू फुटलं. अगं बाई, ही तर आमची टेकडी! पोटेन्शियल म्हणजे विजेची उंची. प्रभारापासनं दुप्पट लांब जा, उंची निम्मी होते. म्हणून जवळचे गोल दाटीवाटीनं आणि लांबचे विरळ. एकाच गोलावरनं दिवसभर फिरा, चढ नाही, उतार नाही, म्हणून काम शून्य. एका गोलावरनं दुसऱ्या गोलावर जायचं म्हटलं की मात्र एक तर मेहनत, नाहीतर घसरगुंडी. एवढंच आहे ते सगळं. उगीच लोक सूत्रं बघून घाबरतात.

ती आता पलूसकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात हाच धडा शिकवते, आणि तो कधी वर्गात शिकवत नाही. ऋषिराज नावाच्या ऐंशी किलोच्या विद्यार्थ्याला ती मैदानाच्या मधोमध खुर्चीवर बसवते, कारण प्रभार कसा भरघोस पाहिजे, आणि त्याच्या भोवती फक्कीनं गोल मारून बाकीच्यांना गोलांवरनं चालायला लावते. कीर्ती नावाच्या मुलीनं एकदा तीन फेऱ्या मारल्या आणि ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, पाय दुखले की."

"दुखू देत. विजेच्या हिशेबानं तू अजून काहीच काम केलेलं नाहीस."

"मॅडम, हे तेवढं आमच्या आईला सांगू नका. ती आधीच तसं म्हणती."

असो. तर ही राजेश्वरी लग्न होऊन ताकारीच्या पलीकडं, उसाच्या मुलखात आली. माणात पाण्यासाठी नळी घेऊन टेकडी चढायची, इथं दाराशी पाट. नवरा धैर्यशील लष्करात, वर्षातनं दोन महिने घरी. उरलेले दहा महिने घरात सासू अंबूबाई आणि सासरे नाथाजी जगदाळे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय एकोणसत्तर, मिशा अजून हजेरीवर. सुभेदार साधं पाणी मागायचे तेही परेडवर हुकूम सोडल्यासारखं. उभे राहायचे ते कायम विश्राममध्ये, दोन पायांत हातभर अंतर आणि हात पाठीमागं गुंफलेले. देवळात आरतीलाही तसेच. सुनेला ते मास्तरीण म्हणायचे. ती काहीही बोलली तरी त्यांचं उत्तर ठरलेलं.

"व्हय का? कुठल्या पुस्तकात?"

पंपाच्या पेटीला अर्थिंग करून घ्या म्हणाली, कुठल्या पुस्तकात. बीपीची गोळी रोज घ्यायची असते म्हणाली, कुठल्या पुस्तकात. बिचारीनं पुस्तकाचं नाव सांगितलं असतं, पण तेवढ्यात सुभेदार उठून गोठ्याकडं गेलेले असायचे.

लग्नानंतर वर्षभरातच राजेश्वरीला या घराचं फिजिक्स उलगडलं. सुभेदार हाच तो बिंदूप्रभार. त्यांच्या खुर्चीभोवती गोल आहेत, डोळ्याला दिसत नाहीत इतकंच. हाताच्या अंतरावरच्या पहिल्या गोलात उभं राहायची छाती एका बैलाचीच. दुसऱ्या गोलात अंबूबाई, पण त्यांना चव्वेचाळीस वर्षांचा सराव. राजेश्वरीनं आपला एक गोल शोधून काढला. स्वयंपाकघराच्या दारातनं निघायचं, गोठ्याच्या मागनं जायचं, आणि फाटकापाशी स्कूटरला किक मारायची. या गोलावरनं ती नऊ वर्षं फिरली. खटका नाही, ठिणगी नाही, भांड्याला भांडं नाही. आणि काम? तेही शून्य. नऊ वर्षांत तिचं एकही म्हणणं सुभेदारांच्या गळी उतरलेलं नव्हतं, आणि त्याचं तिला वाईट वाटायचं. तिचे वडील ती कॉलेजात असताना गेले होते. सासऱ्यानं एकदा तरी आपलं ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

बैलाचं राहिलं. पाखऱ्या हा खरसुंडीच्या बाजारातनं आणलेला पांढराशुभ्र खिलार. सुभेदारांचं दिवसभरातलं निम्मं बोलणं त्याच्याशी. त्यांनी "ये, पाखरू!" म्हणायचा अवकाश, की तो जिथं असेल तिथनं सबंध अंग वळवून त्यांच्याकडं तोंड करायचा. राजेश्वरी त्याला रोज भाकरीचा तुकडा द्यायची. तुकडा तो खायचा, पण तिला मोजायचा नाही. मालकाचा गुण अंगात उतरला होता, दुसरं काय.

त्या दिवशी ऊस तुटून गेलेल्या रानात खोडव्याला, म्हणजे खोडातनं पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी दिलेलं होतं. सगळ्या सऱ्या तुडुंब. सुभेदारांनी पहाटे पाखऱ्याला नेऊन रानाच्या कडेला खुंटीला बांधलं होतं. रानावरनं अकरा हजार व्होल्टची मोठी लाईन जाते. राजेश्वरी स्कूटर घेऊन फाटकाबाहेर पडली आणि बांधावरच्या नारळाची वाळकी झावळी कडाडकन तारेवर आली. एक निळा लोळ उठला, तार तुटली आणि तिचं टोक ओल्या सरीत पडलं. मग सगळं शांत. ना जाळ, ना धूर. बघणाऱ्याला वाटावं, झालं ते होऊन गेलं.

सुभेदारांनाही तेच वाटलं. अनवाणीच घरातनं निघाले आणि तरातरा चिखल तुडवत बैल सोडायला चालू लागले. तारेपासनं सातआठ पावलांवर पाखऱ्या, त्याच्या अलीकडं चारपाच पावलांवर आता सुभेदार.

राजेश्वरीनं रस्त्यावरच स्कूटर टाकली आणि ओरडत ओरडत वायरमन धनाजीला फोन लावला. "धनाजीभाऊ, आमच्या खोडव्यात मोठ्या लाईनची तार पडलीया! आधी लाईन बंद करा!"

"सबस्टेशनला सांगतो लगीच," धनाजी म्हणाला. "पर धा मिनिटं धरा वयनी. तवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

दहा मिनिटं! सुभेदार चहा गाळेपर्यंत थांबायचे नाहीत.

"मामा, थांबा! जिमिनीत करंट हाय!"

सुभेदार थांबले, पण मान फक्त मागं वळवली. "तार पडलीया तिकडं. मी काय तारंला हात लावाय चाललोय व्हय?"

"तारंचं न्हाई वो, भुईचंच भ्या हाय! एक पाऊल म्होरं टाकू नका!"

"व्हय का? कुठल्या पुस्तकात?"

असं म्हणून सुनेला झापायलाच ते गर्रकन मागं फिरले. फिरताना उजवा पाय लांब पडला आणि पिंढरीत असा गोळा आला की सुभेदारांच्या तोंडातनं आईची आठवण निघाली. कसेबसे सावरले, आणि सवयीनं उभे राहिले ते विश्राममध्ये. दोन पायांत हातभर अंतर.

राजेश्वरीला त्या रानात आता गोल दिसत होते. अगदी फक्कीनं मारल्यासारखे. तारेचं टोक म्हणजे माथा, आणि तिथनं ओल्या मातीत पसरत गेलेली विजेची टेकडी. सुभेदारांचा एक पाय एका रेघेवर, दुसरा खालच्या रेघेवर. दोन रेघांमध्ये जेवढा फरक, तेवढी वीज एका पायानं चढते आणि दुसऱ्यानं उतरते. पाय जुळवले तर दोन्ही एकाच रेघेवर, मग वीज कशाला चढेल? माणसाचं पाऊल दोन फुटांचं, म्हणून तो एखादवेळ वाचतो. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चारपाच फूट. तो नाही वाचत.

"मामा, पाय जुळवा! दोन्ही पाय एकमेकाला लावा!"

"गोळा आलाय. थंडीचा हाय."

"थंडीचा न्हाई मामा, पाया पडते तुमच्या!"

"माझं पाय हाईत, माझं मी बघतो. पाखऱ्याला तिथं सोडून मी मागारी येणार न्हाई." आणि त्यांनी बैलाकडं जायला पाऊल उचललं.

हा धडा शिकवायला राजेश्वरीला कॉलेजात पंचेचाळीस मिनिटांचे चार तास लागायचे. इथं तिच्याकडं एक श्वास होता. विनवणी करून झाली, समजावून झालं, आणि मामा म्हणून तर काही उपयोगच नव्हता. मामा ही हाक गेली नऊ वर्षं त्यांनी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलेली होती. सव्वीस जानेवारी जवळ आली होती, कॉलेजच्या मैदानात एनसीसीची पोरं रोज कवायत करत होती, आणि त्यांच्या सरांचा आवाज तिच्या खिडकीतनं आत यायचा. तिनं छाती भरून हवा घेतली.

"सुभेदाऽर नाथाजी जगदाळे! साऽऽवधान!"

रस्ता हादरला. तीस वर्षं त्या पायांनी हा हुकूम ऐकला होता, त्यांनी डोक्याला विचारलंच नाही. उचललेला पाय मागं आला, टाचेला टाच भिडली, चिखल उडाला, आणि सुभेदार ताठ. छाती पुढं, हात मांडीला, नजर समोर. दोन्ही पाय एकाच रेघेवर.

फाटकात अंबूबाईंची किटली पडली ती याच क्षणी. "अगं बया बया! सासऱ्याचं नाव घेतलं की गं हिनं!" तार, करंट, बैल, सगळं त्या विसरल्या होत्या.

"हलायचं न्हाई!" राजेश्वरी ओरडली. आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "आन् तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. ऐका. पाखऱ्या आत्ता आडवा उभा हाय. त्याचं पुढचं पाय आन् मागचं पाय तारंपासनं सारख्याच अंतरावर हाईत, म्हणून उभा हाय. तुमचा आवाज ऐकला की त्यो तुमच्याकडं तोंड करंल. मग मागचं पाय तारंच्या बाजूला, पुढचं तुमच्या, आन् जागच्या जागी पडंल. तुमी हाक मारली तर तुमच्या हाकंनं मरंल त्यो."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. पण त्यांच्याखालचं तोंड बंद होतं.

"आता जागच्या जागी पाय घासत रस्त्याकडं वळायचं आन् निघायचं. पाय उचलायचा न्हाई. पंजाला पंजा घासत, बोट बोट म्होरं. मागं बघायचं न्हाई."

आणि सुभेदार निघाले. आयुष्यभर ढांगा टाकणारा गडी, आता नवी नवरी माप ओलांडून घरात येते तसा सरकत होता. डावा पंजा चार बोटं, मग उजवा पंजा त्याच्या बरोबरीला. थोडी घाई झाली की रस्त्यावरनं हुकूम यायचा, "सावकाश! टाच अंगठ्याच्या म्होरं जाऊ देऊ नका!" आणि सुभेदार, देवाशपथ, ऐकायचे. एव्हाना रस्त्यावर वस्तीतली पाचपंचवीस माणसं जमली होती. एरवी हसून लोळली असती. त्या घडीला कुणी हसलं नाही, हे त्यांचं भलेपण.

निम्मं अंतर कापलं आणि मागनं पाखऱ्या हंबरला. मालक आपल्याला न घेताच चाललाय, हे त्याच्या ध्यानात आलं असणार. सुभेदार जागीच थांबले. गळ्याच्या शिरा टम्म फुगल्या. ज्या माणसानं जन्मात मनातलं तोंडात येऊ द्यायला क्षणाचा उशीर केला नव्हता, त्यानं दात दातांवर दाबून धरले होते. आता राजेश्वरीनंही हुकूम दिला नाही. ती नुसती बघत राहिली.

सुभेदारांनी हाक मारली नाही. डावा पंजा चार बोटं पुढं आला.

सुभेदार रस्त्याला लागले. राजेश्वरीनं आणि आणखी दोघांनी धरून त्यांना दगडावर बसवलं. अंबूबाई धापा टाकत आल्या. नवरा हातीपायी धड आहे हे चाचपून झाल्यावर त्यांना मूळ मुद्दा आठवला.

"आवं, हिनं तुमचं नाव घेतलं. साऱ्या वस्तीम्होरं!"

"ऐकलं मी," सुभेदार म्हणाले. "म्हणून तर थांबलो."

पुढची सहा मिनिटं तशीच गेली. सगळ्यांचे डोळे त्या एका पांढऱ्या बैलाकडं. त्यानं एकदा कान हलवला तेव्हा राजेश्वरीनं अंबूबाईंचा हात घट्ट धरला, आणि अंबूबाईंनीही तो सोडवून घेतला नाही. मग धनाजीची मोटरसायकल आली. सबस्टेशननं वीज बंद केली होती. तरी त्यानं स्वतः लाईन तपासली, अर्थिंगची साखळी लावली, आणि मगच हात वर केला.

"सुभेदार, आता काय भ्या न्हाई. मारा हाक खुशाल!"

सुभेदार उठले. दोन पावलं पुढं गेले, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. इतका वेळ आत दाबून धरलेली हाक आता बाहेरच येईना, आणि डोळ्यांतनं पाणी मिशांत उतरायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. वळून सुनेकडं बघितलं.

"तू मार," ते पुटपुटले.

राजेश्वरीनं पदर खोचला, पुढं झाली, आणि होता नव्हता तेवढा जीव आवाजात घालून साद घातली. "ये, पाखरूऽऽ!"

पाखऱ्यानं शेपटी हलवून माशी उडवली आणि बांधावरच्या गवताला तोंड लावलं.

तिनं पुन्हा हाक मारली. गवत चांगलं असावं. आता मात्र वस्तीला आवरेना. धनाजी मोटरसायकलच्या हँडलवर डोकं टेकून हसला, अंबूबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि राजेश्वरी हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही.

सुभेदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बैल हाय त्यो," ते म्हणाले. "त्याला येळ लागंल. मला न्हाई का नऊ वर्सं लागली."